गैरहजर राहण्याचा शब्द

लंडन
२२ जानेवारी २०१९

प्रिय नेरिस,

इमलिन गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. हे वाक्य मी मतदारांना वर्षाला दोनशे वेळा लिहितो, त्यामुळे ते माझ्या हातून आता खरं वाटेनासं झालंय, पण या वेळी खरं आहे एवढं समज.

अंत्यविधीला येणार होतो. तिकीटही काढलं होतं. मग वाटलं, तिथे सगळे तुमच्या पक्षाचे लोक असणार, त्यांच्यात मी एकटा सरकार पक्षाचा खासदार. लोक इमलिनला सोडून माझ्याकडेच बघत बसले असते. म्हणून आलो नाही. तुला हे पटेल असं वाटतं.

त्याच्या परसातल्या लीकच्या भाजीच्या जुड्या आठवतात. दर सोमवारी तू वेल्सहून येताना वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचीस आणि संसदेच्या टी-रूममधल्या टेबलावर आपटून म्हणायचीस, 'घे, नवरा म्हणाला, तुझ्या शत्रूला दे.' एकोणीस वर्षांत तो मला चार वेळा भेटला असेल, पण शत्रूची ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय त्याने तुझा फोन कधी ठेवला नाही.

त्या मंगळवारबद्दल. तुझे फोन येऊन गेलेले मी फार उशिरा पाहिले. फोन बंद पडला होता, चार्जर मतदारसंघात, साल्टबीच्या घरी राहिला होता. शिवाय आमच्या प्रतोदांच्या कचेरीतून सांगण्यात आलं की युरोपीय संघ सोडण्याच्या करारावर मतदान आहे, आज कुठल्याच जोड्या चालणार नाहीत. तुला तुमच्याकडून कळलं असेल असं मी धरून चाललो. कळलं नव्हतं हे मला नंतर समजलं.

आपण एकोणीस वर्षं जोडीदार होतो. तू सभागृहात नसलीस की मी मत द्यायला जायचो नाही, मी नसलो की तू. दोन्ही बाजूंचं एकेक मत कमी, हिशेब बरोबर. कुठे सही नाही, कायदा नाही, नुसता शब्द. माझी हिलरी आजारी होती तेव्हा तू अकरा आठवडे माझ्यासाठी बाहेर बसलीस. तुमच्या प्रतोदांनी तुला काय काय ऐकवलं हे तू मला कधी सांगितलं नाहीस, दुसऱ्यांकडून कळलं. मी हे विसरलेलो नाही.

काळजी घे. काही लागलं तर कळव.

तुझा,
डग्लस


साल्टबी
१० फेब्रुवारी

प्रिय नेरिस,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण टपालवाला येतो तेव्हा मी दाराशी असतो. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, 'काही महत्त्वाचं यायचंय का साहेब?' मी म्हटलं, औषधं.

तू येत नाहीस त्यामुळे तुला संसदेतली मजा कळत नसेल. आमच्या पक्षात आता तीन पक्ष आहेत. करार फार मवाळ आहे म्हणणारे खिडकीशी बसतात, फार कडक आहे म्हणणारे दाराशी, आणि 'आहे तो पदरात पाडून घ्या' म्हणणारे आम्ही मधल्या टेबलावर, दोन्हीकडचे टोमणे खात. आपलेच दात, आपलेच ओठ. परवा दोघांनी एकाच बशीतला शेवटचा टीकेक उचलला आणि दोघांनीही तो परत ठेवला, कारण दुसऱ्याच्या हाताला लागलेला नको. पस्तीस वर्षं एकत्र सुट्टीला जाणारी माणसं ही. तुमच्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. तुमचे लोकही म्हणे एकमेकांशी चिठ्ठ्यांनीच बोलतात.

मी एकटाच बसतो. आपलं टेबल, खांबापलीकडचं, जिथे तुमची बाजू संपते आणि आमची सुरू होते, तिथे. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. तशी रीतच आहे असं नाही, पण माझ्या समोर बसायला कुणाला आवडत नसावं.

इथे साल्टबीत डोरीन क्लफ मला फाडून खाते आहे. तुला आठवते ना डोरीन, आमच्या स्थानिक शाखेची अध्यक्ष, बेकरीवाली. सत्त्याण्णव साली हिनेच माझं नाव पुढे केलं, म्हणून मी खासदार झालो. आता ती दुकानात पाव गुंडाळतानाही मला विचारते, 'आपण बाहेर कधी पडणार? मी मेल्यावर?' तिला करारही नको आणि उशीरही नको. मी तिला समजावतो की एकीकडे करार सोडायचा आणि दुसरीकडे लवकर बाहेर पडायचं, हे जमत नाही. ती म्हणते, 'तुला जमवायलाच तर पाठवलंय.'

एक दुरुस्ती करतो. फोन बंद नव्हता, आवाज बंद होता. सभागृहात सगळेच ठेवतात. मागच्या पत्रात घाईत चुकीचं लिहिलं गेलं.

आणि आणखी एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी प्रतोद जाइल्स फेनिक माझ्या खोलीत आला होता. चाळीस वर्षांचाही नाही, पण खांद्यावर हात ठेवून बोलतो. म्हणाला, साल्टबीच्या समुद्राच्या भिंतीची फाइल मंत्र्यांच्या टेबलावर आहे, आज सगळ्यांनी साथ दिली तर ती हलेल. तुला ठाऊक आहे, तेरा सालच्या पुरात आमची सबंध खालची आळी पाण्यात होती. चारशे घरं. तेव्हा मी ठरवलं ते त्या घरांसाठी ठरवलं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

तू काय केलं असतंस हे मला माहीत आहे. वाक्य खोडत नाही, राहू दे.

डग्लस


लंडन
१४ मार्च

नेरिस,

परवा करार दुसऱ्यांदा पडला. या वेळी दीडशेच्या आसपास मतांनी. जानेवारीत दोनशे तीसने पडला होता, म्हणजे याला आमच्याकडे प्रगती म्हणतात. मी दोन्ही वेळा बाजूने मत दिलं. दोनशे तीस आणि एक, दोनशे तीस उणे एक, काही फरक पडला असता का? मी त्या मंगळवारी बाथरूममध्ये लपून बसलो असतो तरी करार तसाच पडला असता. तू तुझ्या घरी बसली असतीस तरीही.

या वेळच्या यादीत तुझं नाव शोधलं. नव्हतं. तुमच्यातल्या एकाला विचारलं, तर म्हणाला, नेरिस जानेवारीपासून आलेलीच नाही, फोनही उचलत नाही, आमचे प्रतोद वैतागलेत. त्याला वाटलं मी जोडीदार म्हणून विचारतोय. मी त्याला तसं वाटू दिलं.

आता मी तुला खरं सांगणार आहे. तू वाचत नसशील असं धरून चाललोय, म्हणून जमतंय.

भिंतीचं खोटं नव्हतं, पण भिंत ही मी नंतर शोधून काढलेली गोष्ट आहे. जाइल्स तिच्याबद्दल बोलला, मी मान हलवली आणि म्हटलं, माझी जोडी ठरलेली आहे, तिचा नवरा अंथरुणावर आहे, मी शब्द दिलाय. एवढं मी म्हटलं, हे तरी लक्षात घे. तो दारापर्यंत गेला. मग वळून म्हणाला, 'जूनच्या मानकऱ्यांच्या यादीत तुमचं नाव सुचवलंय, डग्लस. सर डग्लस हेब्डन. ऐकायला बरं वाटतं, नाही का?' आणि गेला. बस. त्याने काही मागितलं नाही.

सव्वीस वर्षांत... नाही, बावीस. बावीस वर्षांत मला कुणी मंत्री केलं नाही, समितीचं अध्यक्षपद दिलं नाही. मी कायम मागच्या बाकावर, 'हो' म्हणायला. तो गेल्यावर मी एका पाकिटावर ते नाव लिहून पाहिलं. दोनदा लिहिलं. माझे वडील मासळीच्या लिलावात बोली लावायचे, त्यांना कुणी मिस्टरसुद्धा म्हटलं नाही. हे निमित्त म्हणून सांगत नाही. सांगतोय एवढंच.

मी ते लिहीत असताना तुझा पहिला फोन आला. टेबलावरच होता. आवाज बंद होता, पण नाव दिसत होतं. मी बघत राहिलो. असे अकरा वेळा. सहाव्या की सातव्या वेळी फोन हातात घेतलासुद्धा. काय बोलायचं हे ठरत नव्हतं. 'मी मत देणार आहे' म्हणायला तोंड नव्हतं, 'देणार नाही' म्हणायचं तर ते पाकीट फाडावं लागलं असतं. शब्द मोडायचा तर समोरच्याच्या तोंडावर सांगून मोडायचा, एवढी तरी रीत आपल्याकडे आहे. दारुडे, लबाड, कसलेही खासदार ती पाळतात. मी पाळली नाही.

आणि मी तुला पाहिलं. मतदान झाल्यावर मधल्या दालनात तू उभी होतीस, ओला रेनकोट, हातात फोन. कुणीतरी तुला खुर्ची आणत होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं फोनवर काय सांगितलंय तुला. पण तुझा चेहरा दिसला होता. मी कोट ठेवायच्या खोलीत शिरलो आणि दालन रिकामं होईपर्यंत दुसऱ्यांच्या कोटांमध्ये उभा राहिलो.

इमलिन सातला दहा कमी असताना गेला असं नंतर पेपरात वाचलं. त्या वेळी तू माझ्यामुळे लंडनमध्ये होतीस.

माफी मागावी एवढीही माझी लायकी नाही, असं लिहिलं की माणूस आतून माफी मागतच असतो. तर सरळच मागतो. मला माफ कर.

डग


लंडन
२६ मार्च

नेरिस,

करार तिसऱ्यांदा येतोय. याच आठवड्यात, बहुतेक शुक्रवारी. जाइल्स म्हणतो या वेळी मोजून चार-पाच मतांवर येईल. तो हे दर वेळी म्हणतो.

तुला फक्त एवढं कळवायचं आहे, की मी मत देणार नाही. तू घरी आहेस, दुखवट्यात आहेस, तुझी जोडी मी धरली आहे. तुमच्या किंवा आमच्या कचेरीत नोंद केलेली नाही, कारण त्याला दोघांची संमती लागते आणि तुझी मागायला मला जागा नाही. पण मी बाहेर बसणार. घंटा वाजेल, आठ मिनिटांत दारं बंद होतील, आणि मी टी-रूममध्ये असेन. तू निवांत राहा. कुणासाठी यायची गरज नाही.

याची किंमत सांगतो, बढाई म्हणून नाही, तुला खरं वाटावं म्हणून. जाइल्सला काल सांगितलं. त्याने खांद्यावरचा हात काढला. जूनची यादी संपली असं समजायचं. डोरीनलाही सांगितलं. तिचं आता मत बदललंय, कसाही असो, करार घ्या पण बाहेर पडा, ही तिची नवी ओळ. ती म्हणाली, शुक्रवारी तू मत दिलं नाहीस तर शनिवारी शाखेची सभा बोलावते आणि पुढच्या निवडणुकीला दुसरा माणूस बघते. ती बोलते तसं करते. तिच्या पावाचंही तसंच आहे, सहाला म्हणजे सहाला तयार.

मला भीती वाटत नाही असं नाही. हिलरी गेल्यावर हे काम हेच माझं घर होतं. सोमवार ते गुरुवार इथे, शुक्रवारी साल्टबीत लोकांच्या तक्रारी, शनिवारी जत्रा, शाळा, बक्षिसं. हे गेलं तर मी सकाळी उठून कुठे जायचं हे मला माहीत नाही. पण आज दोन महिन्यांनी पहिल्यांदा नीट जेवलो.

तू उत्तर देऊ नकोस. फक्त घरी राहा. एवढं एकदा मला करू दे.

डग


साल्टबी
३० मार्च

नेरिस,

तू काल मला पाहिलंस की नाही, कळलं नाही. मी पाहिलं.

जे ठरवलं तसं केलं. घंटा वाजली तेव्हा मी खांबापलीकडच्या टेबलावर होतो. टी-रूम एका मिनिटात रिकामी झाली. जाइल्स येऊन समोर उभा राहिला, तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. फक्त म्हणाला, 'अजून चार मिनिटं आहेत.' मी चहा ढवळत राहिलो. साखर मी घेत नाही. तो गेला. दारं बंद झाल्याचा पुकारा झाला. बावीस वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. वाटलं, आता तुला फोन करावा, उचलला नाहीस तरी चालेल.

मग लोक परत यायला लागले, आणि दाराच्या काचेतून तू दिसलीस. विरोधातल्या मतांच्या लॉबीतून बाहेर येत होतीस. काळा कोट, केस कापलेले. तू मत देऊन आली होतीस. तुमची दोघं-तिघं तुझ्याभोवती होती. तू एकदा टी-रूमकडे बघितलंस आणि सरळ पुढे गेलीस. मी उठलो होतो. पुन्हा बसलो.

करार अठ्ठावन्न मतांनी पडला. माझ्यामुळे नव्हे, तुझ्यामुळे नव्हे.

आज सकाळी शाखेची सभा झाली, चर्चच्या हॉलमध्ये. सत्तेचाळीस माणसं आली, एरवी नऊ येतात. डोरीनने मला बोलायला दिलं, ही तिची सचोटी. मी सगळं सांगितलं. फोन, पाकीट, तू, इमलिन. मला वाटलं, पटतंय लोकांना.

मग डोरीनने चष्मा लावला आणि तिच्या नातीने छापून दिलेली मतदानाची यादी काढली. त्यात तुझ्या नावाखाली रेघ मारलेली होती.

'ही बाई काल आली होती की मत द्यायला,' ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

'तिने तुला बाहेर बस म्हणून सांगितलं होतं?'

नाही म्हटलं.

'मग तू कुणासाठी बाहेर बसला होतास, डग्लस?'

ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. बेचाळीस विरुद्ध पाच मतांनी मला काढलं. ते पाच कोण हे मी विचारलं नाही. सभा संपल्यावर डोरीनने मला घरी न्यायला एक पाव दिला आणि पैसे घेतले नाहीत, तेव्हा मला कळलं की सगळं संपलं.

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, आणि जिच्यासाठी गेलं ती दारावरून पुढे गेली. मी रागावलेलो नाही. रागवायला मी कोण? पण नेरिस, पत्र मिळालं नव्हतं का तुला? एवढंच सांग. मिळालं नव्हतं, असं सांगितलंस तरी मी ते खरं मानीन.

डग


ब्रिनमोर
४ एप्रिल

डग,

पत्र मिळालं. पाचही मिळाली. सगळी आल्या दिवशीच वाचली.

बारा मार्चला मी घरी होते, कारण तू काही म्हणाला नव्हतास. एक मत गेलं तर गेलं, मला पर्वा नव्हती. शुक्रवारीही येणार नव्हते. मग तुझं पत्र आलं, की तू शब्द देतोस, तू घरी राहा. ते वाचून मी उठले आणि बॅग भरली. तुला दुखवायला नाही. माझे पायच थांबेनात. तुझ्या शब्दावर घरी बसणं हे मी एकदा केलंय.

तू बाहेर बसला होतास हे मला दिसलं. मत द्यायला जाताना, कपात साखर नसताना ढवळत होतास, तेही दिसलं. न थांबता पुढे गेले, ते शिक्षा म्हणून नव्हे. आत आले असते तर तुला पुढचं सांगावं लागलं असतं, आणि ते इतक्या माणसांत सांगायचं नव्हतं. पत्रात सांगते. तू सगळं सांगितलंस, तर माझ्याकडचंही तुझ्याकडे असू दे.

त्या सकाळी इमलिन शुद्धीवर होता. त्याला मतदानाचं माहीत होतं. मला म्हणाला, 'जायला नको ना तुला?' मी म्हटलं, नको, डगने शब्द दिलाय. त्यावर तो झोपला. मग एकाच्या सुमाराला आमच्या कचेरीतून फोन आला, सरकारवाले आज जोड्या मोडतायत, तुझ्या माणसाला विचार. मी विचारायला फोन केला. अकरा वेळा. 'मत देणार' म्हणाला असतास तर मी शिव्या दिल्या असत्या आणि घरी राहिले असते. 'देणार नाही' असं खोटं बोलला असतास तरी राहिले असते. तू काहीच म्हणाला नाहीस.

मी कोट घालताना तो जागा झाला. म्हणाला, 'डग आहे ना तिथे, मग तू कुठे निघालीस?'

मी त्याला काय सांगणार होते? चार दिवसांचा सोबती होता तो. तुझ्यावर त्याचा जीव होता. त्याला तेवढंही घेऊन जाऊ देऊ नये, एवढी मी कोरडी नव्हते. म्हणून म्हटलं, 'अरे, लंडनला कशाला जाते? दूध संपलंय, घेऊन येते.' आणि चार तासांच्या गाडीला गेले.

त्याच्याजवळ नर्स होती. पाच वाजता तिने विचारलं, चहा करू का थोडा? तर म्हणाला, बायको दूध आणायला गेलीय, ती आली की पिऊ. सहाला पुन्हा विचारलं. तेच म्हणाला. नर्सला वाटलं भ्रम झालाय, कारण फ्रिजमध्ये दूध होतं. तिने त्याला तसं सांगितलं नाही.

नेरिस